आधी पाटी, मग दार

भर दुपारी मी ऑफिसात एका रबरी फुग्याच्या तोंडावर मास्क धरून बसले होते. मास्क जरासा उचलायचा, टेकवायचा, परत उचलायचा, तिरका ठेवायचा. समोरच्या टेबलावरून इस्त्री माझ्याकडे डोळे फाडून बघत होता.

"बरं वाटतंय ना तुला?" त्याने विचारलं.

"मावशी नाक खाजवते तसं करून बघतेय."

"कुणाची मावशी?"

"माझी. तुझ्या मावशीचं नाक मी कधी पाहिलंय?"

इस्त्री हे काही त्याचं खरं नाव नव्हे. त्याच्या शर्टाला सुरकुती नसायची आणि त्याच्या प्रोग्रॅमलाही नसायची, म्हणून आम्ही त्याला तसं म्हणायचो. पोरगा गुणी, पण वेडीवाकडी ओळ दिसली की त्याला राहवत नसे, सरळ करूनच सोडायचा.

आमची कंपनी श्वास देणारी यंत्रं बनवते. ज्यांच्या छातीचे स्नायू दमलेत त्यांना आडवं झालं की पुरेसा श्वास घेता येत नाही. मग नाकातोंडावर मास्क लावायचा आणि यंत्राने हवा आत ढकलायची. झोपेत मास्क सरकला तर यंत्राने बोंब मारायची, म्हणजे घरातलं कुणीतरी धावत येतं, निदान झोपलेला माणूस तरी जागा होतो. ती बोंब मारणारी घंटा म्हणजे माझं खातं. माझ्या मावशीकडेही हेच यंत्र आहे. मला आईबाप आठवत नाहीत, जे काही आहे ते मावशी. तिने मला वाढवलं, बदडलं, शिकवलं, आणि आता ती दुपारची एकटी माझ्या घंटेच्या भरवशावर झोपते. तू काय काम करतेस असं कुणी विचारलं की मी हेच ऐकवते. फुशारकी म्हणा हवं तर.

त्या दिवशी टेबलावर जे यंत्र होतं ते एका घरून परत आलेलं. तिथले आजोबा दवाखान्यात होते आणि अजून शुद्धीवर आले नव्हते. मुलाचं म्हणणं, मास्क गळ्यात लोंबत होता आणि घंटा वाजलीच नाही. आमच्या साहेबांचं म्हणणं, घरच्यांनी आवाज बंद केला असणार. आमच्याकडे चाचणी म्हणजे मास्क खटकन ओढायचा, घंटा वाजली की पास. या यंत्राचाही मास्क सगळ्यांनी ओढून बघितला होता आणि ते दर वेळी कान किटवत होतं. पण माझ्या डोक्यात येत राहिलं, आजारी माणूस मास्क असा खटकन ओढतो कुठे? तो नाक खाजवायला जरासा उचलतो, परत ठेवतो, नीट बसत नाही म्हणून पुन्हा उचलतो, आणि तेवढ्यात त्याचा डोळा लागतो. म्हणून पेशंटच्या छातीच्या जागी फुगा धरून माझा तो उद्योग चालला होता.

बराच वेळ घंटा वाजत राहिली. मी बंद करायची, परत उचलायची, परत वाजायची. मागून कुणीतरी "बास की आता" म्हणून ओरडलं, त्याला मी उलट ओरडले. मग एकदा मास्क उचलला, टेकवला, पुन्हा उचलला, तसाच सोडून दिला, आणि यंत्र गप्प राहिलं. मास्क टेबलावरून लोंबत होता, त्यातून हवा फुसफुसत बाहेर चालली होती, फुगा हळूहळू चपटा होत होता. यंत्रावरचा हिरवा दिवा मात्र मजेत लागलेला. इस्त्री उठून माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

"वाजेल," तो म्हणाला.

"कधी? फुगा मेल्यावर?"

फुगा पार चपटा झाला तरी घंटा वाजली नाही.

आता हे जरा समजावून सांगायला हवं, नाहीतर माझी पाचावर धारण का बसली ते कळायचं नाही. यंत्राच्या पोटात एक छोटा संगणक असतो. त्याच्या अगदी आतल्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, एकेका कामाला एकेक थ्रेड नेमलेला असतो. थ्रेड म्हणजे कामाला बसवलेला गडी समजा. माझ्या गड्याचं काम एकच: मास्क निघाला अशी बातमी आली की घंटा वाजवायची. पण मास्क काही सारखा निघत नाही. मग उरलेला वेळ गड्याने काय करायचं? जागा राहून 'आली का बातमी, आली का बातमी' करत बसला तर सगळी बॅटरी तोच खाणार आणि बाकीच्यांना काम करू देणार नाही. म्हणून त्याला झोपवायचं. बातमी आली की ती त्याला उठवते. जगात सगळीकडे हे असंच करतात, यात काही पाप नाही.

फक्त झोपण्याची एक रीत आहे, आणि ती दिसायला वेड्यासारखी आहे. गड्याने आधी 'मी झोपलोय' अशी पाटी लावायची. पाटी लावल्यावर एकदा दाराकडे बघायचं, बातमी येऊन बसली नाही ना. नसेल तर मगच डोळे मिटायचे. या मधल्या क्षणात बातमी आली तर ती पाटी बघते आणि उलटी करते, आणि पाटी उलटी असली की गड्याला डोळे मिटताच येत नाहीत. आधी पाटी, मग दार. कुठलाही शहाणा माणूस म्हणेल, हे काय उलटं? आधी दार बघा, मग आडवे व्हा. पण तसं केलं की काय होतं? गडी दार बघतो, कुणी नाही. पाटी घ्यायला वळतो. नेमकी तेव्हाच बातमी येते. तिला पाटी दिसत नाही. म्हणजे गडी जागाच आहे, उठवायचं कशाला, म्हणून ती निमूट बसून राहते. मग गडी पाटी लावतो आणि झोपतो. पुढची बातमी येईपर्यंत झोपतो. आणि मास्क जर निघालेलाच राहिला, तर पुढची बातमी येणार कुठून?

हिरव्या दिव्याचा गडी वेगळा. त्याला यातलं काही ठाऊक नसतं. वाट बघत झोपलेला गडी आणि आता कधीच न उठणारा गडी, बाहेरून दोघे सारखेच दिसतात. नंतर मास्क नीट लावला की नवी बातमी येते, गडी उठतो, सगळं सुरळीत. झाल्या गोष्टीचा मागमूस राहत नाही.

मी प्रोग्रॅम उघडला. मी लिहिला होता तेव्हा पाटी आधी होती आणि दार नंतर. आता दार आधी होतं. दोन ओळींची अदलाबदल, बाकी काही नाही. वर दुरुस्ती करणाऱ्याचं नाव होतं आणि कारण दिलं होतं: 'वाचायला सोपं केलं'.

मी इस्त्रीकडे बघितलं. तो पडद्याकडे बघत होता आणि त्याच्या ओठांवरचा रंग उडाला होता.

"ही मी..." तो म्हणाला आणि थांबला.

त्याच्या कानाखाली जाळ काढावा असं मला वाटलं. पण त्याच क्षणी दुसरं काहीतरी डोक्यात आलं आणि त्याच्यावर चिडायलाही वेळ राहिला नाही. ही दुरुस्ती ज्या नव्या आवृत्तीत होती, ती बाहेर पडल्या पडल्या मी घरी नेली होती. सगळ्यांच्या आधी मावशीच्या यंत्रात भरली होती. आणि आत्ता दुपार होती, मावशी जेवून आडवी झालेली असणार, नाकाला खाज सुटली की मास्क उचलत असणार.

मी घरी फोन लावला. रिंग वाजत राहिली. परत लावला. मावशी फोन उचलते, आणि उचलल्यावर 'काय आहे आता' म्हणते, ही माझ्या आयुष्यातली पक्की गोष्ट होती. तिसऱ्यांदाही नुसती रिंग. शेजारच्या काकूंकडे आमची किल्ली असते, तर त्या नेमक्या मुलीकडे राहायला गेलेल्या.

मी साहेबांच्या केबिनमध्ये घुसले. साहेब शांत माणूस. आग लागली तरी आधी खुर्ची पुढे करतील.

"बसा," ते म्हणाले.

"बसत नाही. घंटा वाजत नाही. आपल्या सगळ्या यंत्रांना आत्ताच्या आत्ता कळवायला पाहिजे."

ते माझ्याबरोबर टेबलापाशी आले. मी मास्क उचलला, टेकवला, उचलला. घंटा वाजली. परत केलं. परत वाजली. माझे हात इतके थरथरत होते की मास्क आपोआपच हलत होता, आणि तो बेटा गडी दर वेळी टुणकन उठत होता.

"वाजतेय की," साहेब म्हणाले.

"वाजणारच हो! दर वेळी नाही चुकत, कधीतरीच चुकते. तीच तर बोंब आहे!"

"म्हणजे दाखवता येत नाही." त्यांनी चष्मा पुसला. "हे बघा, लोकांना सांगायचं काय? घंटा कधीतरी वाजणार नाही? घाबरून मरतील. ओळी बदला, नीट चाचणी करा, मग माणसं घरोघरी जाऊन नवीन भरतील. चार दिवस लागतील, लागू देत. शांतपणे घेऊ या."

"माझी मावशी फोन उचलत नाहीये," मी म्हणाले. माझा आवाज असा काही निघाला की साहेब चष्मा पुसायचे थांबले.

"मग तुम्ही घरी जा," ते म्हणाले. "बाकीचं मी बघतो."

बघतो म्हणजे काय ते मला कळत होतं. पण मी निघाले. जिना उतरताना माझ्या मागे पावलं वाजली, बघते तर इस्त्री, हातात गाडीची किल्ली, काखेत लॅपटॉप.

"तू चालवू नकोस," तो म्हणाला. "तुझा हात बघ."

वाटेत मी फोन लावतच होते. समोरची वाहनं हलेनात. प्रत्येक सिग्नल जणू आमच्यासाठीच लाल व्हायचा. रस्त्यावर लोक कपडे खरेदी करत होते, कुणी हसत होतं, आणि मला त्या सगळ्यांचा राग येत होता. मास्क निघाला तर मावशीला कळत नाही, हे मला माहीत होतं. गुदमरल्यासारखं होत नाही. नुसती झोप गाढ होत जाते. डॉक्टरांनी मला हे समजावून सांगितलं होतं तेव्हा मीच त्यांना म्हणाले होते, अहो घंटा आहे की.

"वाचताना विचित्र वाटायचं ते," इस्त्री मध्येच बोलायला लागला. "आधी झोपतो आणि मग बघतो. मला वाटलं, घाईत उलटं लिहिलं गेलंय तुझ्याकडून. मी फक्त सरळ केलं. सगळ्या चाचण्या पास झाल्या होत्या."

"गाडी चालव."

"तुला विचारणार होतो. तू त्या आठवड्यात कुणावर तरी चिडली होतीस, म्हणून म्हटलं नंतर विचारू."

"मी कायम कुणावर तरी चिडलेली असते! म्हणून विचारायचं नाही?"

थोड्या वेळाने मी बघितलं तर त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसतही नव्हता, कारण दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. मला त्याची दया यायला हवी होती. आली नाही. मला फक्त एवढंच वाटलं की हा नीट बघून चालवतोय ना.

घराचा जिना मी कसा चढले ते आठवत नाही. दारापाशी किल्ली काही केल्या कुलपात जाईना. शेवटी इस्त्रीने माझ्या हातातून घेतली आणि दार उघडलं.

आत पडदे ओढलेले होते. स्वयंपाकघरात ताट धुऊन पालथं घातलेलं, म्हणजे जेवण झालं होतं. मावशीच्या खोलीच्या दारातून पहिल्यांदा दिसला तो यंत्राचा हिरवा दिवा. मावशी भिंतीकडे तोंड करून, कानापर्यंत पांघरूण ओढून पडली होती. यंत्र फुस्‌ फुस्‌ करत होतं. हवा आत जातेय की बाहेर, हे मला एरवी पाठमोरं बसूनही आवाजावरून सांगता येतं. तेव्हा सांगता येईना. पांघरूण हलतंय का बघत राहिले. हलल्यासारखं वाटायचं, मग वाटायचं आपलेच डोळे हलतायत.

तिला हाक मारायला तोंड उघडलं आणि हाक निघेना. हाक मारली आणि ती उठली नाही तर? जोवर मी हाक मारत नव्हते तोवर निदान ती झोपलेली होती. मी तशीच दारात उभी राहिले, एका हाताने चौकट धरून.

"चपला घालूनच आलीस ना आत?" पांघरुणातून आवाज आला. मास्कच्या आतून, घोगरा.

मी खालीच बसले. जीव भांड्यात पडला म्हणतात तो असा, आणि पाठोपाठ जो संताप आला तो काही विचारू नका.

"फोन उचलायला काय धाड भरली होती तुला? किती वेळा लावला! मेलीस असं वाटलं मला, कळतंय का?"

"ओरडू नकोस, पाहुणा आहे." मावशीने मान वळवून इस्त्रीकडे बघितलं. "ये रे बाळ. हिचं असंच असतं. बस त्या खुर्चीवर."

"फोन का नाही उचललास?"

"तो तिकडे स्वयंपाकघरात. तिथे जायचं म्हणजे हे तोंडावरचं काढायला लागतं."

"मग काढायचं! बसल्या-उभ्या चालतं की तुला तेवढं. रोज काढतेस."

"काढायचे," ती म्हणाली. "एकटी असताना आता नाही काढत. ताटापुरतं काढते, तेही डोळा लागू नये म्हणून खिडकीत उभी राहून."

ती उठून बसायला लागली, तेव्हा पांघरूण बाजूला झालं. मला तिचा उजवा हात दिसला. अंगठ्याला माझ्या जुन्या बुटाची लेस बांधलेली होती आणि लेसचं दुसरं टोक मास्कच्या पट्ट्याला. अंगठ्याच्या बुडाशी लाल वळ उठला होता. एका दिवसाचा नव्हता तो.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"काही नाही गं. आपलं असंच."

"मावशी."

तिने लेसकडे बघितलं, मग इस्त्रीकडे, मग माझ्याकडे. खोटं बोलायचं की नाही ते ठरवत होती. लहानपणापासून मी तो चेहरा ओळखते.

"ती घंटा वाजत नाही गं कधीकधी," ती म्हणाली.

इस्त्री खुर्चीवर बसला होता तो उभा राहिला.

"एकदा नाक खाजवलं, मास्क बाजूला ठेवला, पाणी प्यायले. वाजलीच नाही. मला आधी बरं वाटलं, म्हटलं आज कटकट नाही. मग मनात आलं, जागेपणी वाजत नाही तर झोपेत काय वाजणार? मग मुद्दाम करून बघितलं. बऱ्याचदा वाजते. एखाद्या वेळी नाही. तू त्यात काहीतरी नवीन भरलंस ना, त्यानंतरचंच हे."

"आणि मग तू ही लेस..."

"मास्क सरकला की अंगठ्याला हिसका बसतो, की जाग येते. चांगली युक्ती आहे. तुमच्या कंपनीला सांग."

"आणि झोपतेस कधी?"

"डुलकी लागते की."

मी तिचा चेहरा बघितला. डोळ्यांखाली काळं, गाल आत गेलेले. गेले कित्येक दिवस मी तिला बघत होते आणि घाबरत होते की आजार वाढतोय. डॉक्टरांनाही तसंच वाटलं होतं, त्यांनी गोळ्या वाढवल्या होत्या. आजार वाढला नव्हता. ती झोपलीच नव्हती. शेजारच्या खोलीत मी घोरत होते आणि ती अंगठ्याला लेस बांधून जागी होती.

"मला का नाही सांगितलंस?" मी ओरडले. "सांगायचं ना! मी त्याच दिवशी नोकरी सोडून तुझ्या उशाशी बसले असते!"

"म्हणून तर नाही सांगितलं." ती सहज म्हणाली. "मागे माझा आजार निघाला तेव्हा काम सोडून बसली होतीस तशी बसली असतीस. भांडीकुंडी घासत, माझ्यावर खेकसत. आणि तू सगळ्यांना सांगतेस ना, माझी मावशी माझ्या घंटेवर झोपते म्हणून? म्हटलं, सांगू दे पोरीला."

मी तिच्या पायांवर डोकं ठेवून रडले, इस्त्री बघतोय याचीही पर्वा केली नाही. तिने थोडा वेळ रडू दिलं आणि मग माझ्या डोक्यावर एक चापट मारली.

"आता आहेस ना घरी? जाणार नाहीस ना परत?"

"नाही."

"मग मी जरा झोपू का?"

माझी परवानगी मागत होती ती. मला आयुष्यात तिने कधी काही विचारलं नव्हतं, सांगितलं होतं फक्त. मी मान हलवली. तिने डाव्या हाताने गाठ सोडवली, अंगठ्यावरची लेस काढली आणि माझ्या तर्जनीला बांधली, गच्च. मग आडवी झाली. यंत्र दुरुस्त करायचं तर बंद करावं लागलं असतं, आणि आता ते बंद करायला मी धजले नसते. तिने दोन-तीन श्वास घेतले आणि तिचा जबडा सैल पडला. इतकी गाढ झोपलेली मावशी मी फार दिवसांनी बघत होते, आणि बघायला मला प्रचंड भीती वाटत होती. एक श्वास आत, एक बाहेर. बाहेरचा झाला की आतला यायला जरा वेळ लागायचा. तेवढ्या वेळात माझं सगळं अंग ताठ व्हायचं.

इस्त्रीचा फोन थरथरला. त्याने तो कानाला लावला, 'बऱ्या आहेत' एवढं सांगितलं, ऐकलं आणि मग माझ्याकडे वाकून कुजबुजला, "साहेब. म्हणतायत, मावशी बऱ्या आहेत ना, मग आता घाई नको. उद्या सगळे बसून ठरवू."

मी काही बोलायच्या आत मावशीचा हात वर आला. झोपेतच तिने मास्क उचलला, नाक चोळलं, मास्क सोडला. तो तिरका बसला. परत उचलला. मग हात गळून पडला आणि मास्क गालावर घसरला. माझ्या बोटाला हिसका बसला. मी झेपावून मास्क नीट बसवला, पट्टा ओढला आणि तिची छाती वर येईपर्यंत हात तिथेच ठेवला. ती उठली नाही. तिला काही कळलंही नाही.

घंटा अजून वाजली नव्हती. इस्त्रीच्या फोनमधून साहेब "हॅलो, हॅलो" करत होते.

"वाजली असती का?" इस्त्रीने विचारलं.

"मला काय माहीत?" मी म्हणाले. "तू थांबून बघितलं असतंस का?"

त्याने साहेबांचा फोन बंद केला. लॅपटॉप घेऊन तो स्वयंपाकघरात गेला, दार अर्धवट लोटलं, आणि कोणाकोणाच्या घरी आमची यंत्रं आहेत त्याची यादी उघडून त्याने पहिला नंबर लावला. नोकरी जाईल हे त्यालाही माहीत होतं, मलाही. मी बसल्या जागेवरून त्याची पाठ बघू शकत होते. त्याने शर्टाच्या बाहीनेच तोंड पुसलं.

"नमस्कार, यंत्राच्या कंपनीतून बोलतोय," तो म्हणाला. "घाबरू नका. म्हणजे... नाही, घाबरा जरा. तुमच्याकडच्या यंत्राची घंटा आहे ना, तिच्यावर विसंबू नका. आम्ही माणूस पाठवून दुरुस्त करेपर्यंत पेशंट झोपले की कुणीतरी शेजारी जागं राहा. हो, प्रत्येक वेळी. रात्रीसुद्धा."

फोनमधून एका बाईचा आवाज आला, दमलेला, आमच्या खोलीपर्यंत स्पष्ट ऐकू येणारा.

"घरात आम्ही दोघंच आहोत हो," ती म्हणाली. "मग मी झोपायचं कधी?"

इस्त्रीने मागे वळून दाराच्या फटीतून माझ्याकडे बघितलं. माझं बोट लेसमध्ये होतं आणि मावशीचा पुढचा श्वास अजून आला नव्हता.